तिसरा पंप लावूनही पाणी वाढत नाही, आणि लाईट गेली की लाईन फुटते

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हे एका प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेवर नवीन शाखा अभियंता म्हणून लागलेत. धरणात जॅकवेल (पाणी उपसायची विहीर), तिथून 10 किलोमीटर 500 मिमीची एमएस रायझिंग मेन (पाणी वर ढकलत नेणारी स्टीलची लाईन), पुढे फिल्टर प्लांट, तिथून दुसऱ्या टप्प्याचं पंपिंग. जॅकवेलवर 3 व्हीटी (उभ्या शाफ्टचे) पंप आहेत. दोन चालवले की पाणी कमी पडतं म्हणून वरून आदेश आला तिन्ही चालवा, तर पाणी फारसं वाढलं नाही, बिल मात्र वाढलं. आणि दिवसातून तीन-चार वेळा लाईट जाते, प्रत्येक वेळी नाही पण आठवड्यातून एकदा तरी सहाव्या किलोमीटरच्या आसपास लाईन फुटते, ठेकेदार म्हणतो पाईप सडलाय, बदला. प्रश्न असा की नवीन पंप मागू का नवीन पाईप मागू.

माझं मत, आत्ता दोन्ही मागू नका. मी 27 वर्षं याच कामात काढली, ऑपरेटर म्हणून शिफ्ट केल्या, नंतर पूर्ण योजनेची देखभाल बघितली. माझ्या अनुभवात असे जे दोन प्रश्न वेगवेगळे म्हणून येतात ते बहुतेक वेळा एकच असतात. आपण पंप हाऊसमध्ये बसून पंपाकडे बघत राहतो आणि बाहेर जमिनीत 10 किलोमीटर जे पाणी भरून उभं आहे त्याचा विचारच करत नाही. 500 मिमीच्या 10 किलोमीटर लाईनमध्ये जवळजवळ 2000 टन पाणी असतं हो. मालगाडीच आहे ती. पंप म्हणजे तिचं इंजिन.

आधी तिसऱ्या पंपाचं बघू.

तुमची योजना 20 एमएलडीची आहे, म्हणजे दिवसाला 2 कोटी लिटर, 22 तास पंपिंग धरलं तर सेकंदाला साधारण 252 लिटर होतात. म्हणजे एका पंपाला 126. तुम्ही लिहिलंय पंपाच्या प्लेटवर हेड (पंप पाणी किती मीटर वर ढकलू शकतो ते) 90 मीटर आहे आणि जॅकवेलच्या पाण्यापासून फिल्टर प्लांटची उंची 60 मीटर. मग उरलेले 30 मीटर कुठे गेले? घर्षणात गेले, पाणी पाईपला घासत जातं त्यात. आता गंमत अशी की उंचीचे 60 मीटर कधी बदलत नाहीत (धरणाची पातळी उतरली तर वाढतात, ते पुढे सांगतो) पण घर्षण पाण्याच्या वेगाच्या साधारण वर्गाने वाढतं. पाणी दीडपट करायचं म्हटलं तर 30 चे 67 मीटर होणार, म्हणजे एकूण हेड 127. तुमच्या पंपाचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून त्याला ढकलायला लावलं तरी तो 120 च्या वर जात नसेल. मग तो 127 देणार कुठून?

मग होतं काय की तिन्ही पंप एकमेकांना दाबत मधेच कुठेतरी तडजोड करतात. मी तुमच्या आकड्यांवरून कागदावर मांडून बघितलं, शटऑफ (व्हॉल्व्ह बंद असतानाचं हेड) 120 मीटर धरून. एकटा पंप चालवला तर सेकंदाला 159 लिटर, दोन चालवले तर 252 आणि तिन्ही चालवले तर 296 च्या आसपास. तिसऱ्या पंपाचे हाती आले जेमतेम 44 लिटर! आणि हेड चढून 101-102 मीटर झालं, प्रत्येक पंप 126 ऐवजी 99 लिटर देतोय, म्हणजे तिन्ही पंप त्यांच्या चांगल्या जागेपासून सरकले, एफिशियन्सी पडली. हजार लिटर पाणी 1 मीटर उचलायला फुकटात फुकट 2.72 वॅट-तास लागतात, हे निसर्गाचं घेणं आहे, त्यात सवलत नाही. दोन पंपांवर, पंप 80 टक्के आणि मोटर 94 टक्के धरली, तर हजार लिटरला साधारण 0.33 युनिट पडतं. तिन्ही पंपांवर तेच 0.39 होतं. 20 एमएलडीला दिवसाला बाराशेच्या वर युनिट जास्त गेले, आणि ते गेले कुठे तर पाईप घासण्यात.

तुमच्या पंप हाऊसच्या मूळ इस्टिमेटमध्ये बघा, 99 टक्के तिथे 'दोन चालू एक राखीव' असंच लिहिलेलं असेल. लाईन दोन पंपांसाठीच काढलेली आहे. तिसरा पंप हा स्टेपनी आहे, स्टेपनी लावून गाडीला पाच चाकं केली म्हणून ती जास्त पळत नाही.

पण इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, म्हणून तिन्ही चालवूच नका असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात लोडशेडिंगमुळे 18 तासच लाईट मिळत असेल तर दोन पंप 1.63 कोटी लिटर देणार आणि तीन पंप 1.92 कोटी देणार, गावाला पाणी नसताना युनिटचा हिशोब कोण बघतो, चालवा तिन्ही. फक्त हे आपत्कालीन आहे हे लॉगबुकात लिहून ठेवा, आणि राखीव पंप तुमच्याकडे राहिला नाही हे साहेबांना लेखी कळवा. लेखी. तोंडी सांगितलेलं पंप जळाल्यावर कोणालाच आठवत नाही.

उलट लाईट 24 तास असेल तर तास वाढवा, पंप वाढवू नका.

आता मूळ तक्रार, दोन पंपांवर पाणी कमी का पडतंय? योजना सुरू झाली तेव्हा पुरत होतं ना? मग काहीतरी बदललंय. हे शोधायला नवीन मीटर वगैरे काही लागत नाही, डिलिव्हरीचा प्रेशर गेज आणि अ‍ॅमीटर पुरतो. पाणी कमी झालं आणि गेजचा दाबही पूर्वीपेक्षा कमी झाला असेल तर पंप झिजलाय (किंवा जवळच मोठी गळती आहे). पाणी कमी झालं पण दाब वाढला असेल तर पंप बिचारा चांगला आहे, लाईन अडलीय, कुठेतरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे, हवा अडकलीय, किंवा आतून पाईप खरखरीत झालाय. एवढं एक वाक्य मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर दोन इंपेलर (पंपाच्या आतला पाणी फेकणारा पंखा) उगीच बदलले नसते.

फक्त गेज खरं बोलतोय का ते आधी बघा. पंप बंद करा, लाईन भरलेली असू द्या, एनआरव्हीच्या (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढचा गेज वाचा. तुमचा पंप हाऊसचा फ्लोअर धरणाच्या पाण्यापासून समजा 15 मीटर वर आहे, तर गेजवर 45 मीटर म्हणजे साडेचार किलो दिसला पाहिजे. साडेतीन दिसला तर गेज खोटा किंवा लाईन रिकामी. आणि हेड काढताना हे 15 मीटर धरायला विसरू नका, निम्मे जण विसरतात, गेजवर साडेसात किलो बघतात आणि म्हणतात पंप 90 चा आहे आणि 75 च देतोय, कंपनीने फसवलं. कंपनीने नाही फसवलं, साडेसात किलो अधिक 15 मीटर, झाले की 90. मे महिन्यात धरण 8-10 मीटर उतरतं तेव्हा हाच फरक 25 होतो आणि पाणी आपोआप कमी येतं, त्यात कोणाचा दोष नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला गाळ येतो, तो इंपेलर आणि त्याच्या भोवतीची वेअर रिंग खातो. जलपर्णी जाळीवर बसली की जॅकवेलच्या आतली पातळी बाहेरच्यापेक्षा खाली जाते, पंप हवा ओढतो, खडखड आवाज येतो, अ‍ॅमीटरचा काटा नाचतो. आत आणि बाहेर दोन्हीकडे पट्टी रंगवून घ्या, रोज सकाळी दोन्ही आकडे लिहा. फूटभर फरक दिसला की माणूस जाळीवर पाठवा.

आता लाईन फुटण्याचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण हे बहुतेकांना उलटं माहीत असतं.

लोकांना वाटतं लाईट गेली की पंप बंद, दाब कमी, मग लाईन फुटेल कशी? पण ती मालगाडी आठवा. इंजिन अचानक थांबलं तरी डबे पुढे पळत राहतात. लाईट गेली की पंपापाशी दाब आधी पडतो, आणि पुढचं 2000 टन पाणी सेकंदाला सव्वा मीटरच्या वेगाने पुढे जातच राहतं. मग जिथे लाईन टेकाडावरून जाते तिथे दाब शून्याच्याही खाली जातो, पाण्याची अक्षरशः वाफ होते, पाण्याचा खांब तुटतो, मधे पोकळी तयार होते. नंतर पुढचं पाणी थांबतं, मागे फिरतं, आणि ती पोकळी धाडकन मिटते. तो जो दणका बसतो तो लाईन फोडतो. स्टीलच्या लाईनमध्ये दाबाची लाट सेकंदाला साधारण 1000 मीटरने पळते, आणि पाण्याचा वेग अचानक 1 मीटरने बदलला तर 100 मीटरच्या आसपास जास्तीचा दाब तयार होतो. तुमचा वेग 1.28 आहे, म्हणजे 130 मीटर. नेहमीच्या दाबावर हे वरून आलं. पंपापासून निघालेली लाट 10 किलोमीटर जाऊन परत यायला 20 सेकंद लागतात, म्हणून ऑपरेटर सांगतात ना की लाईट जाऊन थोडा वेळ शांत असतं आणि मग एनआरव्ही आदळतो, तेच ते.

म्हणून पहिला प्रश्न, सहाव्या किलोमीटरला चढ आहे का? असणारच, मी पैज लावतो. आणि चढ आहे तर तिथे एअर व्हॉल्व्ह असणार. त्याचं काम दोन्ही बाजूचं असतं, लाईन भरताना हवा बाहेर सोडायची, आणि दाब पडला की बाहेरची हवा पटकन आत घ्यायची म्हणजे पोकळी तयारच होऊ द्यायची नाही. तो चालू आहे का?

आमच्याकडे असंच एक ठिकाण होतं, सातव्या किलोमीटरला, एका शेतकऱ्याच्या ज्वारीत. तीन वर्षांत पाच वेळा पाईप बदलला, शेतकरी नुकसानभरपाई मागून मागून थकला, शेवटी आम्हाला चहा द्यायला लागला. मी नवीन होतो, एका रविवारी लाईन पायी चाललो. चेंबरमध्ये बघितलं तर एअर व्हॉल्व्हच्या खालचा स्लुस व्हॉल्व्ह (हाताने उघड-बंद करायचा) पूर्ण बंद. चौकशी केली तर कळलं की वाडीवरच्या बायका एअर व्हॉल्व्हचा बॉल दगडाने ठोकून हंडे भरायच्या, कारण त्या वाडीला योजनेतून नळच नव्हता, लाईन त्यांच्या दारावरून पुढच्या गावाला जात होती. पाणी वाया जातं म्हणून आमच्याच कोणीतरी खालचा व्हॉल्व्ह बंद करून टाकला. वाडीला एक स्टँडपोस्ट (सार्वजनिक नळ) दिली, एअर व्हॉल्व्ह नवीन बसवला, चेंबरला झाकण. त्यानंतर माझी बदली होईपर्यंत त्या जागी लाईन फुटली नाही. पाच पाईपच्या पैशात किती स्टँडपोस्ट झाल्या असत्या याचा हिशोब कोणी केला नाही.

तर तुम्ही ठेकेदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, पाईप खरंच सडलाही असेल, फुटलेला तुकडा स्वतः बघा. आतून-बाहेरून खड्डे पडलेत, पत्रा पातळ झालाय, तर तो बरोबर बोलतोय. पत्रा चांगला जाड आहे आणि वेल्ड उकललाय किंवा पाईप आत चेपल्यासारखा झालाय तर तो दणक्याचा किंवा पोकळीचा मार आहे, नवीन पाईपही तिथेच फुटणार.

एअर व्हॉल्व्ह ठीक असूनही फुटत असेल तर मग डिझाइनकडे जावं लागेल. पंप हाऊसच्या बाहेर एअर व्हेसल (दणका झेलायला दाबलेली हवा भरलेली टाकी) आहे का? असेल तर त्यात हवा आहे का? हसू नका, मी तीन ठिकाणी एअर व्हेसल पाण्याने गच्च भरलेलं बघितलंय कारण कॉम्प्रेसर बंद पडून वर्ष झालं होतं. काही योजनांवर दणका कमी करायला झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह आणि एअर कुशन व्हॉल्व्ह बसवलेले असतात, तेही उघडून साफ केले जात नाहीत. यातलं काय तुमच्या लाईनला हवं हे उंच-सखलपणाचा नकाशा आणि सर्ज अ‍ॅनालिसिस (दणक्याचा हिशोब) बघितल्याशिवाय मी काय कोणीही सांगू नये.

आणि लाईट परत आल्यावर तुमची माणसं काय करतात? हे तुम्ही लिहिलं नाही पण अर्ध्या लाईनी लाईट जाताना नाही तर येताना फुटतात. लाईट आली, गावातून फोनवर फोन, दोन्ही पंप एका दमात चालू, डिलिव्हरी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. लाईन थोडी रिकामी झालेली असते, आत हवा असते, त्या हवेला पाणी जाऊन धडकतं. माझा नियम असा होता की लाईट आल्यावर आधी 10 मिनिटं काही करायचं नाही, गेजचा काटा स्थिर झाला पाहिजे. मग एक पंप, डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडाच उघडून, हळूहळू लाईन भरू द्यायची, एअर व्हॉल्व्हची फुसफुस थांबली असा लाईनमनचा फोन आला की दुसरा. पंप बंद करतानाही तसंच, आधी व्हॉल्व्ह हळू दाबत आणायचा आणि मग मोटर बंद.

अजून एक. एनआरव्ही नीट बसत नसेल तर पाणी परत येतं आणि पंप उलटा फिरतो. उलट्या फिरणाऱ्या पंपाला स्टार्टर दिला की शाफ्ट जातो. हे मी पुस्तकातून नाही सांगत, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रात्री अडीच वाजता मीच दिलाय. आवाज अजून कानात आहे. तेव्हापासून शाफ्ट थांबलाय का हे बॅटरी मारून डोळ्याने बघितल्याशिवाय बटणाला हात लावला नाही. आणि मोटर गरम असताना किती वेळा चालू करायची याला मर्यादा असते, मोटरच्या पुस्तकात दिलेली असते, ती पॅनलवर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा.

आता तुमच्या दुसऱ्या टप्प्याबद्दल. तुम्ही एका ओळीत लिहिलंय की फिल्टर प्लांटचा संप (दुसऱ्या टप्प्याचे पंप जिथून पाणी घेतात ती टाकी) कधी ओसंडतो कधी कोरडा पडतो. हे दोन टप्पे असलेल्या प्रत्येक योजनेचं दुखणं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचं पाणी दक्षिण कॅलिफोर्नियाला नेणारा 242 मैलांचा कालवा आहे, 1941 पासून पाणी देतोय, वाटेत वाळवंटात 5 पंपिंग स्टेशनं, प्रत्येकावर 9 पंप, सगळे मिळून पाणी 1617 फूट उचलतात. तिथेही मुख्य कसरत हीच की सगळ्या स्टेशनांचा मेळ बसला पाहिजे, कारण एका ठिकाणी पंप वाढवला की ते पाणी पुढच्या स्टेशनवर काही तासांनी पोचणार, आणि तोपर्यंत तिथे तयारी पाहिजे. आपल्याकडे मुंबईचं बघा, तानसाचं पाणी 1892 पासून उतारावर आपोआप येतं, भातसाचं मात्र पिसेला उचलावं लागतं, म्हणून पिसेला बिघाड झाला की लगेच पेपरात पाणीकपातीची बातमी. संभाजीनगरवाल्यांना तर जायकवाडीला लाईट गेली की इकडे पाण्याचा वार पुढे गेला हे सांगायला नको.

तुमच्याकडे कालवा नाही, बंद पाईप आहे, भरलेला असेल तर इकडे पंप लावला की तिकडे काही सेकंदांत फरक दिसतो. त्यामुळे तुमचा मेळ बसवणं सोपं आहे. संप किती मिनिटांचा आहे ते काढा. समजा 9 लाख लिटरचा संप आहे आणि पहिला टप्पा 252 लिटर देतोय, तर तासाभरात भरला. म्हणजे दुसऱ्या टप्प्याची लाईट गेली तर तुमच्याकडे जास्तीत जास्त एक तास, आणि संप निम्मा असेल तर अर्धा तास. दोन्ही पंप हाऊसच्या ऑपरेटरांनी दर तासाला एकमेकांना फोन करून फक्त संपची पातळी आणि किती पंप चालू एवढंच सांगायचं. माझ्याकडे स्काडा (लांबून पातळी आणि पंप दाखवणारी संगणक यंत्रणा) बसवला होता, छान होता, दीड वर्ष चालला. फोन अजून चालू आहे.

बिलाबद्दल पटकन. एचटीचं (उच्च दाबाच्या जोडणीचं) बिल आता केव्हीएएच वर असतं, म्हणजे नुसत्या कामाला लागलेल्या नाही तर ओढलेल्या एकूण विजेवर, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातली किती वीज कामाला लागते ते) पडला तरी मार आणि पंप बंद असताना कपॅसिटर चालू राहिले तरी मार. दोन्ही पंप एकदम सुरू करून मॅक्सिमम डिमांड (एका वेळी ओढलेला सर्वात जास्त भार) चढवू नका. आणि कोणत्या वेळेचा युनिट स्वस्त हे जुन्या ऑपरेटरला विचारू नका, तो रात्रीचा सांगेल, आता सोलरमुळे दिवसाच्या वेळांकडे सवलत सरकतेय, या महिन्याच्या बिलावरचे झोन स्वतः वाचा.

तर या आठवड्यात एवढं करा. पूर्ण लाईन पायी चाला, गाडीने नाही, आणि प्रत्येक एअर व्हॉल्व्हखालचा व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा. मग एक पंप, दोन पंप, तीन पंप असं प्रत्येकी अर्धा तास चालवून गेज, अ‍ॅमीटर, जॅकवेलची पातळी आणि फिल्टर प्लांटच्या इनलेटचा नॉचवरचा (पाणी मोजायच्या खाचेवरचा) आकडा लिहून इथे टाका, मी बसून काढून देतो. एका पंपाचा शटऑफ दाबही मिळाला तर बरं, पण तो घेण्याआधी पंपाचा कर्व्ह (पाणी, हेड आणि लोडचा आलेख) बघा, काही व्हीटी पंप मिक्स्ड फ्लोचे असतात आणि व्हॉल्व्ह बंद असताना उलट जास्त लोड घेतात. तसा नसेल तर घ्या, फक्त व्हॉल्व्ह मिनिटभरापेक्षा जास्त बंद ठेवू नका, आतलं पाणी तापतं.